नदीची जमीन, माणसांची वस्ती : दिल्लीतील यमुना-खादराचा भूगोल आणि जीवन

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, ही व्याख्या समुद्रातील बेटांना पुरेशी असली, तरी सपाट मैदानातून वाहणाऱ्या नद्यांच्या आणि उथळ सरोवरांच्या बाबतीत ती अपुरी ठरते. तेथे एकच जमीन वैशाखात शेत असते, श्रावणात बेट होते आणि भाद्रपदातल्या एखाद्या रात्री पाण्याखाली जाते. अशा जमिनीवर पिढ्यानपिढ्या माणसे राहतात, पिकवतात, गुरे पाळतात आणि पाण्याच्या चढउतारावर आपल्या वर्षाचे वेळापत्रक बसवतात. भारताच्या राजधानीच्या ऐन मध्यातून, उत्तरेस पल्ल्यापासून दक्षिणेस जैतपूरपर्यंत सुमारे ४८ किलोमीटर लांबीचा असा एक पट्टा गेलेला आहे. शहराच्या बृहत् आराखड्यात तो 'ओ झोन' या नावाने दाखवलेला असून त्याचे क्षेत्र सुमारे ९,७०० हेक्टर आहे; तेथील लोक त्याला 'खादर' म्हणतात. या खादराची घडण, त्याचा इतिहास, तेथील जीवनक्रम आणि त्याच्यावरील हक्काचा वाद हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्यातून मांडावयाचा विचार असा, की या जमिनीचा कोणताही उपयोग योग्य की अयोग्य हे तेथे कोण राहतो किंवा कोणाचा कागद किती भक्कम आहे यावरून ठरू नये. नदी आपली जमीन मागेल तेव्हा तो उपयोग ती विनाअडथळा परत देऊ शकतो का, यावरून ते ठरावे.

भूमीची घडण

बंदरपूंछ पर्वताच्या उतारावर यमुनोत्रीपाशी उगम पावणारी यमुना १,३७६ किलोमीटरचा प्रवास करून प्रयागला गंगेस मिळते. हथिनीकुंडाच्या परिसरात ती डोंगर सोडून मैदानात उतरते, तेव्हा तिचा उतार एकाएकी मंदावतो. वेगात वाहून आणलेली वाळू आणि गाळ पुढे नेण्याची तिची ताकद कमी होते आणि तो भार ती स्वतःच्याच पात्रात टाकू लागते. या साचण्यामुळे प्रवाह दुभंगतो, दोन प्रवाहांमध्ये वाळूचा उंचवटा तयार होतो, त्यावर कास, सरकंडा आणि झाऊ यांची मुळे धरतात, मुळांत आणखी गाळ अडकतो आणि काही वर्षांत तेथे बेट उभे राहते. पुढचा मोठा पूर ते बेट एका काठाला जोडून टाकतो किंवा पुसून दुसरीकडे मांडतो.

उत्तर भारतातील शेतकरी नदीकाठच्या जमिनीचे दोन मुख्य प्रकार मानतात. पुराचे पाणी जेथे आजही पोहोचते आणि दरवर्षी ताजा गाळ पसरते ती सखल जमीन म्हणजे खादर, तर जुन्या गाळाची, पुरापासून सुटलेली उंच जमीन म्हणजे बांगर. एकोणिसाव्या शतकातील दिल्ली जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही खादर आणि बांगर यांच्या जोडीला पावसाचे पाणी साचणारा सखल 'डाबर' आणि अरवलीच्या टेकड्यांचा 'कोही' अशी विभागणी आढळते. म्हणजे शासनाने महसुलासाठी वापरलेला भूगोल मुळात शेतकऱ्यांच्याच निरीक्षणातून आलेला होता. दिल्लीत अरवलीची शेवटची रांग नदीच्या पश्चिमेस उभी असल्यामुळे तो काठ तुलनेने उंच आहे, पूर्वेचा काठ मात्र सपाट आणि सखल आहे. म्हणून जुनी राजधानीची शहरे बहुतेक पश्चिमेस वसली आणि पुराला पसरण्यासाठी पूर्वेकडची बाजू मोकळी राहिली.

वर्षभराच्या प्रवाहापैकी सुमारे चार-पंचमांश पाणी पावसाळ्याच्या तीन महिन्यांत वाहून जाते. त्या काळात खादरावर पसरलेले पाणी खालच्या जाड वाळूच्या थरांत मुरते आणि तेथे भूजलाचा मोठा साठा तयार होतो. पल्ल्याच्या परिसरातील विहिरींमधून दिल्लीच्या पाणीपुरवठ्यासाठी जे पाणी उपसले जाते, ते याच मुरण्याचे फळ आहे. पूर ही आपत्ती मानणाऱ्या शहराने हे विसरता कामा नये, की त्याच पुराने त्याच्या पिण्याच्या पाण्याचा एक वाटा जमिनीत साठवून ठेवलेला असतो.

बेटावरचा किल्ला आणि सरकणारी नदी

दिल्लीच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध बेट आज बेट म्हणून ओळखूही येत नाही. शेरशहाचा मुलगा सलीमशहा सूर याने १५४६ मध्ये यमुनेतील एका बेटावर सलीमगढ बांधला. पुढे जहांगीराच्या काळात तो काठाशी पुलाने जोडला गेला, आणि शहाजहानने १६३९ मध्ये लाल किल्ल्याचे बांधकाम सुरू केले तेव्हा त्याच्या पूर्वेकडील तटाखालून नदी वाहत होती. कालांतराने प्रवाह पूर्वेकडे सरकला, किल्ल्याखाली 'बेला' म्हणून ओळखली जाणारी सखल जमीन उघडी पडली आणि जेथे पाणी होते तेथून आज रिंग रोडवरील वाहने धावतात. ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर अंत्यसंस्कार झाले ते राजघाटही याच यमुनाकाठच्या सखल पट्ट्यात आहे. २०२३ च्या पुरात पाणी रिंग रोडवर, लाल किल्ल्याच्या तटापर्यंत आणि राजघाटाच्या परिसरात शिरले, तेव्हा ते नदीच्या जुन्या मार्गानेच आले होते.

मराठ्यांच्या इतिहासातील यमुनेचे उतार

मराठी वाचकाला या भूगोलाची ओळख शोकाच्या वाटेने झालेली आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. घाट म्हणजे येथे पायऱ्यांचा घाट नव्हे, तर नदी पायी किंवा घोड्यावरून ओलांडता येईल असा उतार होय. हिवाळ्यात पाणी ओसरले, की असे उतार अनेक ठिकाणी मोकळे होतात आणि त्या सर्वांवर पहारा ठेवणे कोणत्याही सैन्याला जड जाते. बुराडीपाशी नदीचे पात्र प्रवाहांत विभागलेले होते आणि मधल्या बेटावर उंच गवत व झाऊचे रान माजलेले होते. नजीबखानाच्या रोहिल्यांच्या बंदुकांना त्या रानाने आडोसा दिला आणि उघड्यावर लढणाऱ्या मराठी घोडदळाला त्याची जबर किंमत मोजावी लागली. दत्ताजींच्या शौर्याच्या कथा मराठी घराघरांत सांगितल्या जातात, परंतु ज्या बेटामुळे त्या लढाईचे रूप ठरले त्याचा उल्लेख त्या कथांत क्वचितच येतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस नदीने दुसऱ्यांदा निर्णायक भूमिका बजावली. सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला, तेव्हा अब्दाली यमुनेच्या पूर्वेस होता आणि फुगलेली नदी त्याला अडवून धरील असा मराठी बाजूचा भरवसा होता. पण २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून सैन्य पलीकडे आणले, मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संपर्क तुटला आणि १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताची पूर्वतयारी तेथेच झाली. पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या इंग्रज फौजेने शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला तोही यमुनेच्या पूर्वेस, पटपडगंजच्या मैदानात. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानावर उभा आहे. बुराडी दिल्लीत, बागपत आणि पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात. त्यामुळे या प्रदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला खादर परके मानण्याचे काहीच कारण नाही. नदीचे उतार, तिच्या वाळूची खोली आणि गवताची दाटी यांचे ज्ञान नकाशात नसते. ते नदीवर जगणाऱ्यांजवळ असते, एवढे या तीन प्रसंगांवरून स्पष्ट होते.

पाण्याबरोबर चालणारे वर्ष

आजच्या खादरात नावाडी आणि मासेमारी करणाऱ्या मल्लाह समाजाची, जुन्या गावांतील जमीनधारकांची आणि उत्तर प्रदेशातील बदायूँ किंवा बिहारमधून आलेल्या वाटेकरी व खंडकरी शेतकऱ्यांची वस्ती आहे. पूर ओसरल्यावर आश्विन-कार्तिकात ताज्या गाळावर पालक, मेथी, मुळा आणि फुलकोबी यांची पेरणी होते. वाळूचे प्रमाण जास्त असेल तेथे हिवाळ्यात ओल लागेपर्यंत लांब चर खणून त्यांत शेणखत घालतात आणि काकडी, दुधी, टरबूज, खरबूज यांच्या बिया लावतात. थंड वाऱ्यापासून आणि उडणाऱ्या वाळूपासून रोपांना जपण्यासाठी चराच्या कडेने सरकंड्याच्या काड्यांचे कुंपण उभे करतात. चैत्र-वैशाखात ही फळे दिल्लीच्या बाजारात येतात आणि ज्येष्ठ संपण्यापूर्वी शेत मोकळे करावे लागते. झेंडू आणि गुलाब यांची शेतेही या पट्ट्यात आहेत.

घरेही याच हिशेबाने बांधलेली असतात. बांबूचा सांगाडा, सरकंड्याचे किंवा गवताचे छप्पर, मातीने लिंपलेल्या भिंती आणि उथळ भूजलावर चालणारा हातपंप, एवढ्यावर संसार उभा राहतो. अनेक झोपड्यांत विजेची जोडणी नसल्यामुळे छोट्या सौर पॅनेलवर एखादा दिवा आणि मोबाइल चालतो. पाणी चढू लागले, की गुरे, धान्य, भांडी, कागदपत्रे आणि शक्य झाल्यास छपराचा बांबूही घेऊन कुटुंबे 'पुश्त्या'वर, म्हणजे पूर अडवण्यासाठी बांधलेल्या मातीच्या बांधावर, येतात. मयूर विहारसारख्या वसाहतींलगतच्या रस्त्याकडेला ताडपत्रीखाली काही आठवडे काढून, चिखल वाळला की ती परत जातात. नुकसान होते, कर्ज वाढते, मुलांची शाळा बुडते. या जीवनाचे उदात्तीकरण करणे अन्यायाचे होईल. तरीही हे मान्य केले पाहिजे, की ज्या वस्तीचे घर उचलता येते आणि पीक आषाढापूर्वी निघते, तिने नदीची रीत समजून घेतलेली आहे.

पूर आणि अडथळे

दिल्लीत यमुनेची पातळी जुन्या लोखंडी पुलापाशी मोजली जाते. १८६६ मध्ये उभारलेला हा रेल्वेपूल आजही पुराचा मापदंड आहे. २०४.५० मीटर ही इशाऱ्याची आणि २०५.३३ मीटर ही धोक्याची पातळी मानतात, आणि २०६ मीटरला सखल वस्त्या रिकाम्या करण्यास सुरुवात होते. १९७८ च्या महापुरात पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले होते आणि तो उच्चांक ४५ वर्षे टिकला. १३ जुलै २०२३ रोजी तो मोडून पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि २०२५ च्या सप्टेंबरातही ती पुन्हा २०७ मीटरच्या पुढे गेली.

या आकड्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला, की प्रश्नाचे स्वरूप कळते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, पाण्याचा प्रवाह. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हथिनीकुंड बंधाऱ्यातून आठ लाख क्युसेकहून अधिक विसर्ग झाला आणि दिल्लीत पातळी २०६.६० मीटरवर थांबली. २०२३ मध्ये विसर्गाचा उच्चांक साडेतीन लाख क्युसेकच्या आसपास असूनही पातळी दोन मीटरने अधिक वर गेली. विसर्ग किती तास टिकला आणि दिल्लीत स्वतंत्रपणे किती मुसळधार पाऊस पडला, यांचाही त्यात वाटा होता. परंतु पात्रात साचलेला गाळ, पुलांच्या जवळजवळ उभ्या असलेल्या रांगा, पुश्त्यांनी अरुंद केलेला पूरमार्ग आणि आयटीओ बंधाऱ्याचे गाळात रुतून बसलेले दरवाजे यांनी पाणी अडवून धरले, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. पुश्ता ज्या वस्तीचे रक्षण करतो तिला तो सुरक्षिततेची खात्री देतो आणि पात्राच्या आत उरलेल्या जमिनीवर पाण्याची उंची वाढवतो. म्हणजे शहराची सुरक्षितता काही अंशी खादरातील माणसांच्या असुरक्षिततेवर उभी राहिलेली असते.

हक्क, कायदा आणि दूषित पाणी

खादराच्या शेतीला 'अतिक्रमण' म्हणताना तिचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. १९४९ मध्ये दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला नदीकाठची जमीन भाडेपट्ट्याने दिली होती. पुढे १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि या जमिनीचे व्यवस्थापन त्याच्याकडे गेले. म्हणजे ज्या शासनाने शेती करण्यास बोलावले त्याच्याच उत्तराधिकाऱ्याने पुढे जमीन रिकामी करण्यास सांगितले. २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील झोपडपट्ट्या हटवण्यात आल्या आणि हजारो कुटुंबे शहराच्या कडेला बवानासारख्या ठिकाणी फेकली गेली. त्यानंतरच्याच वर्षांत पूर्व काठावर अक्षरधाम मंदिर (२००५), मेट्रोची आगारे आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे क्रीडाग्राम ही पक्की बांधकामे उभी राहिली. क्रीडाग्रामाची जागा नदीपात्रात मोडत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. परंतु कायद्याने आखलेली रेषा आणि पाण्याने आखलेली रेषा या एकच असतात असे नाही.

या प्रश्नाला न्यायालयीन वळण देणाऱ्यांमध्ये भारतीय वनसेवेतील माजी अधिकारी मनोज मिश्र यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांनी २००७ मध्ये 'यमुना जिये अभियान' सुरू केले आणि त्यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ जानेवारी २०१५ रोजी निकाल दिला. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला पूर जेथपर्यंत पोहोचतो तेथपर्यंतचा पट्टा पूरमैदान मानावा आणि त्यात बांधकाम होऊ नये, असे त्या निकालाने ठरवले. यमुनेचे पाणी शुद्ध होईपर्यंत त्या पट्ट्यात खाद्यपिके घेण्यासही त्याने मनाई केली. मिश्र यांचे निधन २०२३ च्या जूनमध्ये झाले; त्यांच्या इशाऱ्यांना दुजोरा देणारा पूर पुढच्याच महिन्यात आला.

खाद्यपिकांवरील मनाईमागचे कारण खरे आहे. हथिनीकुंडापाशी कोरड्या ऋतूतील बहुतेक पाणी पश्चिम आणि पूर्व यमुना कालव्यांत वळते, वझीराबाद बंधाऱ्यापाशी उरलेले पाणी शहराच्या पिण्यासाठी घेतले जाते आणि त्याखालच्या सुमारे २२ किलोमीटरमध्ये, म्हणजे नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी भागात, नजफगढ आणि इतर नाल्यांचे सांडपाणी हाच मुख्य प्रवाह उरतो. अशा पाण्यावर वाढलेल्या भाज्यांत जड धातू येण्याची भीती आहे आणि ती खाणाऱ्याचे आरोग्य जपणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. मात्र नदीत विष शहर सोडते आणि त्याची शिक्षा भाजी पिकवणाऱ्याला मिळते, ही विसंगती केवळ मनाईने सुटत नाही. वझीराबादच्या वरचे तुलनेने स्वच्छ पाणी आणि खालचे सांडपाणी यांत फरक करणे, खालच्या भागात फुले, चारा आणि रोपवाटिका यांना पाठबळ देणे आणि सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी शहरावर टाकणे, असा मार्ग अधिक न्याय्य ठरला असता.

इतरत्रची पाण्याची शेती

हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. आफ्रिकेतील चाड सरोवर साठच्या दशकाच्या प्रारंभी सुमारे २५,००० चौरस किलोमीटरवर पसरलेले होते आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील दुष्काळांत ते त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत आक्रसले. त्याच्या बेटांवर राहणारे बुदुमा लोक पोहणारी गुरे घेऊन एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात, आणि किनारा मागे सरकेल तसे शेतकरी ओलसर तळजमिनीवर मका, ज्वारी आणि चवळी पेरत जातात. व्हिक्टोरिया सरोवरातील, टांझानियाच्या हद्दीतील उकारा या लहान बेटावर दाट लोकवस्ती आहे. तेथील शेतकरी गुरे गोठ्यात बांधून खत साठवतात आणि बाजरीबरोबर जमिनीखाली शेंगा धरणारे कडधान्य घेऊन जमिनीचा कस राखतात. १९६१ ते १९६४ या काळात त्या सरोवराची पातळी दोन मीटरहून अधिक वाढली आणि किनाऱ्याची शेते बुडाली. २०१८ च्या सप्टेंबरात उकाराच्या धक्क्याजवळ फेरीबोट उलटून दोनशेहून अधिक माणसे बुडाली. बेटावरचे लोक पाण्याशी जुळवून घेतात, पण काठाशी जोडणारी सुरक्षित वाट त्यांना शासनानेच द्यावी लागते, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

महाराष्ट्राला तर यासाठी दूर पाहण्याचीही गरज नाही. जायकवाडी आणि उजनी या धरणांच्या जलाशयांत पाणी ओसरले, की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर 'गाळपेर' होते, म्हणजे त्या हंगामापुरती पेरणी केली जाते. ही जमीन थोड्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते, धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना प्राधान्य मिळते, आणि दुष्काळाच्या वर्षी चारापिकांसाठी ती नाममात्र दराने दिली गेलेली आहे. या व्यवस्थेत वाटपाचे वाद आणि अनियमितता आहेतच, तरी तिच्यामागचे तत्त्व भक्कम आहे : पाण्याचा हक्क पहिला, पाणी नसताना पिकवण्याचा हक्क माणसाचा, आणि तो हक्क कागदावर लिहिलेला.

योग्यायोग्यतेचा निकष

दिल्लीच्या खादरात नेमके हेच तत्त्व उलटे झालेले आहे. जो शेतकरी आषाढात जमीन सोडतो त्याच्याजवळ कागद नाही. जी इमारत कधीच हलू शकत नाही तिच्याजवळ परवानगी आहे. यावर उपाय म्हणून पूरमैदानाची सीमा प्रत्यक्ष पूररेषेने आखून जमिनीवर खांब रोवणे, सीमेच्या आत नवे पक्के बांधकाम न होऊ देणे आणि असलेल्या पूल व बंधाऱ्यांमुळे पाण्याला होणारा अडथळा मोजून कमी करणे, ही पहिली पायरी होय. त्यानंतर हंगामी शेतकऱ्यांची नोंद करून त्यांना गाळपेरीच्या धर्तीवर एकसाली भाडेपट्टा देणे, पावसाळ्यासाठी उंचावर पाणी, शौचालय आणि गुरांची सोय असलेला निवारा आधीच तयार ठेवणे, आणि त्या काळात मुलांचे शिक्षण खंडित होणार नाही अशी योजना करणे आवश्यक आहे. वरच्या राज्यांनी कोरड्या ऋतूत नदीत पुरेसे पाणी सोडणे आणि दिल्लीने आपले सांडपाणी शुद्ध करणे, यांशिवाय मात्र यांपैकी कोणताही उपाय टिकणार नाही.

खादर हे शहराने अजून न वापरलेले मोकळे मैदान नाही. ते पूर पसरण्याची, पाणी मुरण्याची आणि हंगामी अन्न पिकवण्याची जागा म्हणून आधीच वापरात आहे. त्या वापराची रीत जाणणाऱ्या माणसांना बेकायदा ठरवून आणि ती मोडणाऱ्या काँक्रीटला कायदेशीर ठरवून शहर सुरक्षित होणार नाही. नदीला तिची जमीन परत देता येईल अशा पद्धतीने जगणाऱ्यांना हक्क देणे, आणि तसे न जगणाऱ्या बांधकामांना, ती कितीही प्रतिष्ठित असोत, जाब विचारणे, हाच दिल्लीच्या यमुनाविषयक धोरणाचा पाया असला पाहिजे.